मी मोकळी होते

नोव्हेंबर लागला की आमच्या कॉलेजच्या जिमचा वास बदलतो. उन्हाळाभर बंद असलेले हीटर पहिल्यांदा चालू होतात आणि धूळ भाजल्यासारखा वास सुटतो. त्यात लाकडी फरशीवर नव्यानं मारलेलं पॉलिश मिसळतं, ओल्या लोकरी टोप्या मिसळतात, दाराशी ठेवलेल्या यंत्रातले पॉपकॉर्न मिसळतात. बुटांचे तळवे फरशीवर चिरकायला लागतात. बाहेर ओहायोचं आभाळ मळक्या चादरीसारखं खाली आलेलं असतं. बास्केटबॉलचा मोसम आला, असं सगळे आनंदानं म्हणतात. मीही म्हणते. पण तो वास नाकात गेला की माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात आणि ते सुटायला मार्च उजाडावा लागतो.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. लेख वगैरे लिहिणारी तर पहिलीच. मनातलं वाईट लिहून ठेवू नये, असं आई म्हणते. पण मनातलं चांगलं लिहायला घेतलं की ते चार ओळींत संपतं. हे संपत नाही.

मी इथल्या मुलींच्या टीमसाठी व्हिडिओचं काम करते. खेळत नाही. मॅचचं रेकॉर्डिंग बघायचं, त्याचे छोटे तुकडे करायचे, कोण कुठे चुकतं ते कोचना दाखवायचं. हिवाळ्यात आणखी एक काम असतं. पुढच्या वर्षी आमच्याकडे येऊ शकतील अशा शाळकरी मुलींचे खेळ बघायचे आणि मत द्यायचं. या हिवाळ्यात टीममध्ये एकच जागा उरली होती, पॉइंट गार्डची. म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारी आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवणारी मुलगी. आमच्या कोच रेनीनं माझ्यासमोर एक नाव ठेवलं.

"ही तुझ्याच शाळेची ना?" ती म्हणाली. "तू हिच्याबरोबर खेळली आहेस. मग हिला तूच बघ. तुझ्या मतावर मी बरंच काही ठरवणार आहे."

नाव ईशाचं होतं.

मी "हो" म्हटलं. चेहरा साधा ठेवला. बाहेर आले आणि पाण्याच्या नळाशी उभी राहून एकटीच इतकी हसले की मागून येणाऱ्या मुलीनं विचारलं, बरी आहेस ना?

फार बरी होते.

आम्ही राहतो त्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये माणूस मराठी आहे असं कळलं की लगेच विचारतात, कुठल्या कंपनीत? माझे बाबा कुठल्याच कंपनीत नाहीत. ते अकोल्याहून एका रेस्टॉरंटमध्ये आचारी म्हणून आले. मागून आई आणि मी आलो, माझी पाचवी झाल्यावर. आई घरी पोळ्या करून देते. मराठी मंडळातल्या कितीतरी घरांत तिच्या पोळ्या जातात, त्यामुळे त्या घरांत मी 'पोळीवाल्या मावशींची मुलगी'. वाईट कोणीच नव्हतं. सगळे गोड बोलायचे. दारात उभं राहून बोलायचे, एवढंच.

ईशाचं घर त्यातलंच एक. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, इथेच जन्मलेली, उंच, लांब बोटांची. त्यांच्या गॅरेजसमोर बास्केटबॉलची स्वतःची रिंग होती. पांढरी जाळी, काचेचा बोर्ड. मी पोळ्यांचा डबा द्यायला जायचे तेव्हा ती तिथे खेळत असायची आणि तिला शिकवायला एक माणूस येत असे. डबा तिच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, हातात देऊन मी हळूहळू चालत परत यायचे, म्हणजे थोडं जास्त बघता यावं.

आमच्या अपार्टमेंटच्या मागेही एक रिंग होती. जाळी नव्हती. उजव्या बाजूला कचऱ्याचा मोठा डबा आणि समोर गाड्या, त्यामुळे उभं राहायला जागा एकच, डावा कोपरा. मी तिथूनच बॉल टाकायला शिकले. पावसात, उन्हात, बर्फ बाजूला सारून. दुसरीकडून कुठूनही मला जमत नसे, अजूनही जमत नाही. पण डाव्या कोपऱ्यातून माझा बॉल बरोबर रिंगमध्ये पडायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी मुख्य टीममध्ये माझी निवड झाली ती त्या एका कोपऱ्यावर. शाळेच्या कोचनी सांगितलं, "तू धावत जा, तिथे उभी राहा, बॉल आला की टाक." इतकं सोपं काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

बॉल देणारी होती ईशा. दहावीतच ती टीमची पॉइंट गार्ड झाली होती.

आता त्या शब्दाचं सांगायला हवं. कोर्टवर बॉल हवा असला की ओरडावं लागतं. बाकीच्या मुली इंग्रजीत ओरडायच्या. मलाही तोवर इंग्रजी चांगलं येत होतं, परीक्षेत मार्क मिळत होते. पण दम लागला, छातीत धडधड झाली की तोंड आपलं आपण घरी जातं. पहिल्या मॅचमध्ये मी डाव्या कोपऱ्यात पोचले, आजूबाजूला कोणी नव्हतं, मी दोन्ही हात वर केले आणि जीव तोडून ओरडले, "इकडे! इकडे!"

माझ्या टीममधल्या मुलींना ऐकू आलं 'इकी'. इंग्रजीत इकी म्हणजे चिकट, ओंगळ, बघून शी म्हणावं असं काहीतरी. त्या हसल्या. आधी खरंच गंमत म्हणून हसल्या असतील, मी मानते. पण माझ्या जॅकेटला बाबांच्या रेस्टॉरंटमधल्या तेलाचा आणि फोडणीचा वास यायचा. तिथे मी शनिवारी टेबलं पुसायला जात असे. नाव चिकटायला तेवढं पुरलं. आठवड्याभरात मी इकी झाले. "हाय इकी." "इकी, तुझी बाटली राहिली." प्रेमानंसुद्धा म्हणायच्या. प्रेमानं म्हटलेलं जास्त लागतं, कारण त्यावर रागावताही येत नाही.

एके दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मॅडी नावाच्या मुलीनं ईशाला विचारलं, "ती ओरडते ते काय असतं? तुमची भाषा ना?"

ईशा बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "आय डोन्ट नो. आय डोन्ट रिअली स्पीक इट."

मी समोरच्याच बाकावर बसले होते.

त्याच्या आधी दोन महिने मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन ईशानं केलं होतं. जांभळी पैठणी, नाकात नथ, हातात माइक. "रसिक प्रेक्षकहो, आता आपल्यासमोर सादर होत आहे" असं इतकं स्वच्छ म्हणाली होती की लोकांनी मध्येच टाळ्या वाजवल्या. माझी आई मागे प्रसादाच्या ताटांपाशी उभी होती. मला म्हणाली, "बघ, इथे जन्मली पण 'ळ' किती सुंदर म्हणते पोरगी."

त्या अख्ख्या कोर्टवर माझा शब्द कळणारी ती एकटी होती. बाकीच्या आठ जणींना कळला नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. जिला कळला तिनं बॉल दिला नाही. पहिल्या मॅचला नाही, दुसऱ्या मॅचला नाही. मी ओरडले की ती माझ्याकडे बघायची, अगदी डोळ्यांत बघायची, आणि दुसरीकडे वळायची. मग मी ओरडणं बंद केलं. नुसते हात वर करून उभी राहू लागले. तेव्हाही नाही. माझ्याकडे पास टाकणं म्हणजे तो शब्द कळल्याची कबुली देणं, असं काहीतरी तिच्या मनात बसलं असावं. हे मी आता समजुतीनं लिहिते आहे. तेव्हा मला फक्त तिचे दात पाडावेसे वाटायचे.

बास्केटबॉलमध्ये ज्या खेळाडूला कोणी अडवत नाही, जी एकटी उभी आहे, तिला 'ओपन' म्हणतात. मी मनात त्याला 'मोकळी' म्हणायचे. मोकळी असणं चांगलं असतं ना? मोकळं आकाश, मोकळे केस, मन मोकळं करणं. तो अख्खा हिवाळा मी मोकळी होते.

मोसमाच्या अखेरीला शेवटच्या वर्षाच्या मुलींचा एक सोहळा असतो. आईवडिलांना कोर्टवर बोलावतात, फुलं देतात, नाव पुकारतात. बाबांनी माझी तेवढी एकच मॅच पाहिली. रेस्टॉरंटमधून सुट्टी मागून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आई निळ्या साडीवर थंडीचं जाडं जॅकेट घालून. माइकवर आमच्या आडनावाचा पार चुराडा झाला, पण तरी बाबा खुशीत हात हलवत होते. मी बराच वेळ कोर्टवर होते. डाव्या कोपऱ्यात धावले, उभी राहिले, हात वर केले. परत धावले, उभी राहिले, हात वर केले. शेवटी शेवटी तर मला पुन्हा ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही, सगळ्यांसमोर, "ईशा, इकडे!" तिनं बघितलं. बॉल उजवीकडे गेला.

परत जाताना गाडीत बाबांनी हीटर वाढवला. मग म्हणाले, "तू पळत छान होतीस."

आई म्हणाली, "किती वेळ हात वर धरत होतीस गं! दुखले नाहीत?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ राखेसारखा करडा झाला होता. त्या वेळी मी जे ठरवलं, ते कसं करायचं हे मला माहीत नव्हतं. पण ठरवलं पक्कं.

मराठीत सूड उगवतात. हा शब्दप्रयोग मला इथे आल्यावर विचित्र वाटायला लागला, अकोल्यात कधी वाटला नव्हता. उगवायला आधी काहीतरी जमिनीखाली असावं लागतं. मग वाट बघावी लागते. इंग्रजीत सूड घेतात, टेबलावरची वस्तू उचलावी तसा. मला आमचं क्रियापद जास्त खरं वाटतं. दोन हिवाळे माझ्या मनात ते बी बर्फाखाली पडून होतं आणि मी इथे शहाण्या मुलीसारखी लायब्ररीत बसून रसायनशास्त्र शिकत होते.

तर कोच रेनीनं नाव दिलं त्याच दुपारी मी व्हिडिओच्या खोलीत जाऊन बसले. खोलीला खिडकी नाही, दोन खुर्च्या आणि एक मोठा स्क्रीन. ईशाच्या या वर्षीच्या मॅच मी एकामागून एक लावल्या. मला काय शोधायचंय ते पक्कं माहीत होतं. ती बॉल धरून बसते, मोकळ्या मुलीला देत नाही, असे तुकडे. ते एकापुढे एक जोडायचे आणि कोचपुढे ठेवायचे. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं मला. खोट्याची गरजच पडणार नाही, अशी खात्री होती. उपाशी माणूस ताटाकडे बघतो तशी मी स्क्रीनकडे बघत होते.

आणि ईशानं पास दिला.

सुंदर दिला. तीन जणी अंगावर असताना, मान दुसरीकडे, आणि बॉल त्यांच्या काखेखालून निघून थेट डाव्या कोपऱ्यात. तिथे एक सोनेरी केसांची मुलगी उभी होती. तिनं टाकला, पडला. मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. पुढची मॅच लावली. पुन्हा डावा कोपरा, पुन्हा तीच मुलगी, पुन्हा बॉल. न बघता, अंधारात आपल्या घरातलं दिव्याचं बटण शोधावं तसा ईशाचा हात तो कोपरा शोधत होता.

मी आवाज बंद ठेवून बघते, प्रेक्षकांच्या गोंगाटानं डोकं दुखतं म्हणून. पण प्रत्येक वेळी पासच्या आधी ईशाचं तोंड उघडताना दिसत होतं. मी आवाज वाढवला.

ती ओरडत होती, "इकी!" आणि तिच्यामागे सगळी टीम, "इकी! इकी!" तो त्यांचा इशारा होता. इकी म्हणजे डाव्या कोपऱ्यात पास. बाकावर बसलेल्या मुलीसुद्धा टाळ्या पिटत ओरडत होत्या. त्यातल्या निम्म्यांनी मला कधी पाहिलंही नसेल.

मला वाटतं मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शब्द माझा. कोपरा माझा. आणि बॉल दुसरीला. ईशाला पास देता येत नव्हता असं काही नव्हतं. तिचा हात चांगला होता, नजर चांगली होती, मनही इतरांसाठी पुरेसं मोठं होतं. म्हणजे तेव्हाही तिला येत होतं. फक्त मला दिला नाही. मी तिच्याविरुद्ध पुरावा शोधायला बसले होते आणि तो मिळाला, पण कोचपुढे ठेवण्यासारखा नव्हता. कोचच्या दृष्टीनं तो पुरावा म्हणजे शिफारस होती.

मी काय करू शकत होते? चांगले पास वगळून वाईट तेवढे निवडता आले असते. कोणाला कळलं नसतं. मी तसे तुकडे जोडून पाहिलेही, खोटं कशाला बोलू. स्क्रीनवर एक मूर्ख, हावरी मुलगी तयार झाली. बघताना मजा आली नाही. ती ईशा नव्हतीच. मला सूड हवा होता तो ईशावर, मी तयार केलेल्या कोणा दुसरीवर नाही. मी ते पुसून टाकलं आणि खरं तेच लिहिलं. पास: उत्तम. नजर: उत्तम. बचाव करताना पाय आळशी. लिहिताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर वळ उठले.

कोच रेनीनं तिच्या ऑफिसात ते वाचलं. मग ती प्रत्येक मुलीबद्दल विचारते तो प्रश्न तिनं विचारला. "तू हिच्याबरोबर पुन्हा खेळशील?"

मी पेनाला टोपण लावलं. आणि म्हणाले, "नाही."

"का?"

"तिनं मला कधी पास दिला नाही."

कोच हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. "तू ओपन होतीस?"

"हो."

"बॉल आला असता तर पडला असता?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असायला हवं होतं. अपार्टमेंटच्या मागे तर तो पडायचा. पण लोकांनी भरलेल्या जिममध्ये, अंगावर धावून येणाऱ्या मुलीसमोर, बाबा बघत असताना? मी म्हणाले, "माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मला पण नाही. आता कधी कळणारही नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं की इतकी वर्षं मी नक्की कशासाठी चिडले होते. मग मी तिला सगळंच सांगितलं, तो शब्दही. कोच खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "शनिवारी ती आणि तिची आई कॉलेज बघायला येतायत. जेवायला तूही बस."

शनिवारी बर्फ भुरभुरत होता. काकू गाडीतून उतरल्या त्या थेट मला बिलगल्या. "अगं बाई, तू! केवढी झालीस! तुझ्या आईच्या पोळ्या अजून असतात हं आमच्या फ्रीझरमध्ये. त्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ईशाचं जरा सांग हं कोचना. आपलं माणूस आत असलं की बरं असतं."

आपलं माणूस. दोन्ही शब्द मी जिभेवर घोळवले. कडू लागले, पण चव छान होती.

"मॉम, स्टॉप," ईशा म्हणाली. ती आणखी उंच झाली होती. माझ्याकडे बघून "हे" म्हणाली आणि नजर लगेच काढून घेतली.

मी त्यांना लायब्ररी दाखवली, प्रयोगशाळा दाखवली, जिम दाखवली. काकू सगळीकडे फोटो काढत होत्या. "जेवणाचं कसं गं इथे? भात मिळतो? आणि थंडी जास्त आहे का आपल्यापेक्षा?" ईशा मागून चालत होती आणि तिची नजर माझ्या पाठीवर मला कळत होती. तिला ही जागा हवी होती. दुसऱ्या कॉलेजांनी तिला नकार दिला होता, हे काकूंनी जिन्यावरच सांगून टाकलं होतं आणि ईशानं डोळे मिटून घेतले होते.

जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघी होतो. कोच रेनी इकडचं तिकडचं बोलली, अभ्यासाचं विचारलं. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "ईशा, तुमची ती हाक मला फार आवडली. इकी. हे कुठून आलं?"

ईशाचा काटा ताटात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. सांभाळून घे, असं त्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मला एक वाक्य पुरलं असतं. शाळेतली गंमत आहे, कोच, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी ब्रेडचा तुकडा तोडला, सूपमध्ये बुडवला आणि नीट चावून खाल्ला.

"इकी? हे काय नवीन?" काकू म्हणाल्या.

"इट्स मराठी," ईशा पुटपुटली.

"इकी असा कुठला शब्द आहे गं मराठीत?"

"इकडे."

"अय्या!" काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर हात आपटला. "म्हणजे सगळ्या टीमला मराठी शिकवलंस? मला बोलली नाहीस ते!"

"मी नाही. हिनं." ईशानं माझ्याकडे मान केली. "ही ओरडायची. ही बॉल मागायची तेव्हा."

"बघा! मग? ही 'इकडे' म्हणायची आणि तू हिला बॉल द्यायचीस."

काकूंनी हे इतक्या विश्वासानं म्हटलं की मला क्षणभर त्यांचीच दया आली.

"नाही," ईशा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"दिला नाही, आई. कधीच नाही दिला. मॅडीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले मला कळत नाही. मला कळत होतं. मला त्यांच्यासमोर हिच्यासारखं व्हायचं नव्हतं."

हे सगळं ती मराठीत बोलली. तो 'ळ' तसाच होता, सुंदर. काकूंचा हात टेबलावरून हळूच मांडीवर गेला. कोच रेनीला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिनं अर्थ विचारण्यासाठी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "ईशा सांगेल. तिला मराठी छान येतं."

आणि ईशाला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं, या वेळी इंग्रजीत, एकेक वाक्य करून. मी मदत केली नाही. एका ठिकाणी तिनं "अनकम्फर्टेबल होतं" असं म्हणून पुढे जायचा प्रयत्न केला, तेव्हा मी फक्त तिच्याकडे बघितलं. ती मागे आली आणि मूळचं वाक्य होतं तसं बोलली. तिचे कान लाल झाले होते. काकू माझ्याकडे बघू शकत नव्हत्या. मी सूप संपवलं. इतकं चवदार सूप त्या मेसमध्ये पुन्हा झालेलं नाही.

गाडीपाशी ईशा मागे रेंगाळली. "आय'म सॉरी," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, खरं होतं.

मी म्हणाले, "पायरीवर बर्फ आहे. सांभाळून उतर."

तिला वाटलं असेल मी नंतर काही बोलेन. ती थोडा वेळ थांबली. मग गेली. माझी अशी कल्पना होती की ते दोन शब्द ऐकले की माझ्या छातीतला दगड उतरेल. लिहायला लाज वाटते, पण नाही उतरला. सॉरी मला पुरलं नाही. फुकट गेलेला एक अख्खा हिवाळा दोन शब्दांत कसा मावणार?

सोमवारी कोच रेनीनं विचारलं, "तर?"

मी म्हणाले, "घ्या तिला."

"तू त्या दिवशी नाही म्हणाली होतीस."

"मी तिच्याबरोबर खेळणार नाही. मी खेळतच नाही आता. पण तुमच्याकडे आलेल्यांत तिच्याइतका चांगला पास कोणाचा नाही. आणि पायांचं बघता येईल. ते मी दाखवीन तिला रोज."

कोचनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग मान हलवली. ईशाला जागा मिळाली.

काकूंनी माझ्या आईला फोन केला. खूप रडल्या म्हणे. आईनं मला सांगितलं, "मोठं मन दाखवलंस गं. एवढं सगळं होऊन तू तिचं भलं केलंस. बाबा पण म्हणाले, आपली पोरगी शहाणी निघाली." मी हं हं करत राहिले. आईला वाटतं मी माफ केलं. मोठं मन वगैरे काही नाही, आई. तुला हे वाचून वाईट वाटेल. पण ती दुसऱ्या कॉलेजात गेली असती तर मला विसरली असती. तिथे तिला कोणी ओळखलं नसतं, ती पुन्हा कोणालातरी सांगू शकली असती की मला ती भाषा येत नाही. इथे तसं होणार नाही. इथे मी आहे, अजून दोन वर्षं.

ऑगस्टमध्ये ती येईल. नव्या मुलींना व्हिडिओच्या खोलीत बसवून त्यांचा खेळ दाखवायचं काम माझं आहे. सुरुवात कुठल्या तुकड्यानं करायची, ते मी निवडून ठेवलंय. तो मी कोचना दाखवला नव्हता. त्यात तिची चूक काहीच नाही. एका मॅचमध्ये थोडा वेळ बॉल दुसऱ्या मुलीकडे आहे आणि ईशा उजव्या बाजूला एकटी उभी आहे. तिच्या आसपास कोणी नाही. ती हात वर करते. बॉल येत नाही. ती हात आणखी वर करते, टाचा उचलते. बॉल दुसरीकडे जातो. मग ती हात खाली घेते, आणि खाली घेता घेता पटकन इकडेतिकडे बघते, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मी पाहिलंय, ईशा.